इनॉस गेल्याचं मला कुणीतरी सांगा

मी बोलतोय. इकडे, ओसरीवर. छत्र्या उभ्या केल्यात ना, त्या ओंडक्यातून. हो, मीच. दचकू नका आणि छत्र्या काढायच्या भानगडीतही पडू नका, मला आता सवय झालीय.

मी म्हणजे मधमाश्यांचं खोड. पांढऱ्या चौकोनी मधपेट्या आल्यापासून आम्हाला कुणी ओळखत नाही. पण बेअरवॉलोच्या या खोऱ्यात गोरी माणसं पहिल्यांदा राहायला आली तेव्हा माशा आमच्यातच राहायच्या. मी मूळचा इथलाच, ओढ्याकाठचं गम नावाचं झाड. आमची जात बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ. आर्ची गिल्मरनं मला पाडलं, कमरेइतका तुकडा कापला, आत दोन काठ्या आडव्यातिडव्या ठोकल्या. वर फळी, फळीवर धोंडा, आणि तळाशी माशांना ये-जा करायला एक खाच. झालं माझं बारसं.

आर्ची आणि त्याची बायको जेनेट खिंड ओलांडून आले तेव्हा त्यांच्याकडे काय होतं? एक गाय, एक कुऱ्हाड, एक लोखंडी तवा आणि एक किल्ली. ती किल्ली जेनेटच्या आजीची, समुद्रापलीकडच्या घराची. ते घर जमीनदारानं कधीच पाडलं होतं. इथल्या ओंडक्यांच्या झोपडीला तर कुलूपच नव्हतं. आर्ची चिडवायचा तिला.

"कुलूप नाही ते नाही, पण किल्ली मात्र राणीसारखी मिरवते."

"तू कर तुझं काम," जेनेट म्हणायची. "ही दारासाठी नाहीये."

ती किल्ली माझ्यासाठी होती. घरात काही झालं की मधमाश्यांना सांगायचं, ही या लोकांची रीत. किल्लीनं खोडावर तीनदा ठोकायचं आणि नाव घेऊन सांगायचं. जन्म सांगायचा, लग्न सांगायचं, मरण तर सांगायचंच. मरण सांगितलं की खोडाला काळी चिंधी बांधायची. नाही सांगितलं तर माशा एक तर निघून जातात, नाही तर जागच्या जागी मरून पडतात. चर्चमधल्या पाद्र्याशी तासन्‌तास हुज्जत घालणारी ही माणसं, पण या बाबतीत कुणी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मला सांगितलेलं पहिलं नाव इनॉसचं. या खोऱ्यात जन्मलेलं त्यांचं पहिलं मूल. जेनेट अजून धड उभी राहत नव्हती, तरी भिंतीला धरत धरत माझ्यापर्यंत आली. तिनं ठोकलं आणि म्हणाली, "मुलगा झालाय. इनॉस नाव ठेवलंय. लक्ष असू दे."

आतल्या माशांचा आवाज एकदम खाली गेला. सगळ्या जणी ऐकतात तेव्हा होतो तसा. मग हळूहळू पूर्वीसारखा झाला. तुम्हाला खरं सांगतो, मी यात काही करत नाही. मी नुसता पोकळ आहे. पण सांगितलेलं आत राहतं, ते काही केल्या बाहेर जात नाही. आणि ज्याचा जन्म मला सांगितला, त्याचं मरणही मलाच सांगावं लागतं. एवढा एकच नियम मला ठाऊक आहे.

इनॉसच्या मागून केझाया झाली, तीही सांगितली. पोरं वाढली. इनॉस शांत. मध काढायच्या वेळी आर्ची धूर करकरून डोळे लाल करून घ्यायचा, आणि हा मात्र उघड्या हातानं फळी उचलायचा. माशा त्याच्या मनगटावर बसायच्या आणि उडून जायच्या. केझाया म्हणायची, "बा, तुला चावतात कारण तू त्यांना शिव्या देतोस." आर्ची त्यावरही एक शिवी द्यायचा.

इनॉसला मिसरूड फुटलं आणि तो शिकारीला जायचं म्हणायला लागला. डोंगरापलीकडे, लांबच्या शिकारीला. हे लोक गेले की वर्ष वर्ष येत नसत. मका काढून झाला, तो आणि त्याचा एक सोबती निघाले. जाताना त्यानं माझ्या फळीवर हात ठेवला होता. पुढच्या वसंतात सोबती एकटाच परत आला. त्याच्या हातात इनॉसची टोपी होती.

"दरीत पडला," तो म्हणाला. "खाली उतरायला वाट नव्हती. मी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही."

जेनेटनं टोपी घेतली आणि खुंटीला अडकवली. ती रडली नाही. तिनं फक्त किल्ली गळ्यातून काढली आणि कणगीत मक्याच्या तळाशी पुरून ठेवली. घरात सगळ्यांना कळलं. ती सांगणार नाही आणि कुणाला सांगू देणार नाही.

वर्ष गेलं. माझ्या शेजारी आणखी दोन खोडं होती. त्या वसंतात दोन्ही रिकामी झाली. थंडीनं म्हणा, अस्वलानं म्हणा, कशानंही म्हणा. मध हाच त्यांच्या घरातला एकुलता एक गोडवा, आणि मेणबत्त्याही पोळ्याच्या मेणाच्याच. तेव्हा ओढ्याच्या खालच्या अंगाची ड्रुसिला आली. ड्रुसिला म्हणजे खोऱ्यातली सुईण, आणि मेलेल्यांना आंघोळ घालणारीही तीच. तिला सगळं माहीत असायचं, म्हणजे तिला तसं वाटायचं.

"आर्ची, आंधळा झालास काय रे?" तिनं कुंपणावरूनच सुरू केलं. "दोन गेली. तिसरंही जाईल. घरात मरण झालंय आणि पोळ्याला सांगितलेलं नाही. माशांना काय मूर्ख समजतोस?"

"जेनेट ऐकत नाही."

"आईच ती. ती कशी ऐकेल? पण तुझ्या घरात अजून एक पोरगी आहे ना? माशा गेल्या की त्यांच्यामागून घरातलं कोण जातं, ते ठाऊक आहे ना तुला?"

आर्चीला ते लागलं. जेनेट ओढ्यावर कपडे धुवायला गेली होती. डॉगवुडला पांढरा बहर आला होता, भर दुपार होती. त्यानं कणगीत कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली आणि माझ्यासमोर उभा राहिला. मग ठोकलं.

"इनॉस मेला," तो म्हणाला. "माझा मुलगा. तुम्ही जाऊ नका."

आवाज खाली गेला. या वेळी तो बराच वेळ वर आला नाही. आर्चीनं काळी चिंधी बांधली आणि टेकडीवर जाऊन खड्डा खणला. खड्ड्यात पुरायला टोपीशिवाय काय होतं? टोपीच पुरली. वर एक चपटा दगड रोवला आणि त्यावर चाकूनं नाव कोरलं, इनॉस गिल्मर.

जेनेट कपड्यांचं ओझं घेऊन आली. तिला चिंधी दिसली. ओझं तिथंच टाकलं आणि तिनं चिंधी ओरबाडून काढली.

"काय केलंस हे?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळेच ऐकवेना.

"केझायासाठी केलं."

"तो मेला नव्हता, आर्ची. आता तू मारलास."

त्यानंतर माशा टिकल्या हे मात्र खरं. सावरवुडच्या फुलांचा मध त्या वर्षी भरपूर आला. घरात कुणी त्याला हात लावला नाही.

आणि पानं गळायला लागली तेव्हा इनॉस परत आला.

लंगडत आला. दरीत पाय मोडला होता. पलीकडच्या चेरोकी आदिवासींच्या गावातल्या एका म्हातारीनं त्याला उचलून नेलं, पाय बांधला, हिवाळे काढायला घर दिलं. जेनेटनं त्याला पाहिलं आणि अंगणातच बसली. मग उठून त्याच्या छातीवर मुठी मारत राहिली, मारता मारता हसायला लागली. केझाया रडत होती. आर्ची गोठ्याच्या दाराला धरून उभा होता आणि त्याला पुढे येववत नव्हतं. त्या दिवशी घरात मक्याची भाकरी, डुकराचं खारवलेलं मांस आणि तो न शिवलेला मध, सगळं बाहेर निघालं. मला वाटलं, चला, सुटलो.

पण मी माशांकडे बघत होतो. माशांची जायची-यायची एक वाट असते हवेत. वाटेत माणूस उभा राहिला की त्या त्याला वळसा घालतात. इनॉस हात लावायला माझ्याजवळ आला, आणि माशा वळल्याच नाहीत. सरळ आल्या, त्याच्या छातीवर आपटल्या आणि खाली पडल्या. तिथं कुणी उभं आहे हे त्यांना दिसतच नव्हतं.

मग घरातही सुरू झालं. अगदी लहानसहान. केझाया पानं मांडायची ती एक कमी. "अय्या, विसरले," म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुत्रा त्याच्या पायावरून झोपायला जायचा, त्याच्याकडे बघायचा नाही. शेजारी येऊन तासभर बोलून जायचे आणि जाताना आर्चीला म्हणायचे, "पोरगा असता तर मदत झाली असती बाबा तुला." इनॉस समोरच बसलेला असायचा.

सगळ्यात वाईट वादीचं. यांच्या दाराला आतून लाकडी खिटी. खिटीला हरणाच्या कातड्याची वादी बांधायची आणि दाराला भोक पाडून ती बाहेर सोडायची. बाहेरच्यानं वादी ओढली की दार उघडतं. संध्याकाळी घरचे सगळे आत आले की वादी आत ओढून घ्यायची, झालं दार बंद. रोज संध्याकाळी इनॉस लाकडं घेऊन यायचा, आणि वादी आत ओढलेली असायची. कुणी मुद्दाम करत नव्हतं. आतल्यांना वाटायचं, सगळे आत आहेत.

तो दार ठोकायचा, हाक मारायचा. आधी लगेच उघडायचं. मग उशीर व्हायला लागला. मग जेनेटच तेवढी उठायची, आणि तीही दाराशी येईपर्यंत कशासाठी उठलो ते आठवत उभी राहायची. हे तिनंच एकदा त्याला सांगितलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून.

"मी तुझं नाव सारखं म्हणत राहते रे. तवा घासताना, गाय पिळताना. थांबले की निसटतं."

"आई, मला ऊबच येत नाही," इनॉस म्हणाला. "चेरोकींच्या गावात होतो, बरा होत होतो. डॉगवुड फुलला होता. दुपारी कानाशी कुणीतरी लाकडावर लोखंड ठोकल्यासारखं झालं. तेव्हापासून शेकोटीत हात घातला तरी गार."

जेनेटनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिला सगळं कळलं.

तिनं आर्चीला किल्ली घेऊन उभा केला. आर्चीनं ठोकलं, गयावया केली. "चूक झाली. तो जिवंत आहे. मी म्हटलं ते परत घेतो." माशा आपल्या कामात. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं.

ड्रुसिलाला बोलावलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जन्म सांगतात, लग्न सांगतात, मरण सांगतात," ती म्हणाली. "परत आला हे कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलं नाही. परत कोण येतं बाई?"

"आणि सांगितलेलं मरण?"

"ते राहतं. ते कुणाचं तरी असावंच लागतं."

"कुणाचं तरी," जेनेट म्हणाली. ड्रुसिलानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ती तडक घरी गेली.

जेनेटनं दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरले, चर्चला जायचा झगा घातला आणि माझ्याकडे आली. दव अजून वाळलं नव्हतं. किल्ली तिनं आधी झग्यानं पुसली.

"ऐका गं बायांनो," ती म्हणाली. ती माशांशी नेहमी असंच बोलायची. "या घरातलं एक मरण तुम्हाला सांगितलंय. ते मी परत मागत नाही. फक्त सांगणाऱ्यानं नाव चुकवलं. ते मरण जेनेटचं. आर्ची गिल्मरच्या बायकोचं. माझं."

आणि तिनं स्वतःच्या हातानं मला काळी चिंधी बांधली.

आवाज खाली गेला. इतका खाली की मला वाटलं, माशा मेल्या. माझ्या लाकडात काहीतरी आत फिरलं, जुनं उठलं आणि नवीन त्या जागी बसलं. अजूनही आठवलं की मला नकोसं होतं.

त्या संध्याकाळी इनॉस लाकडं घेऊन आला आणि कुत्रा त्याच्यावर भुंकला, मग शेपूट हलवत त्याला बिलगला. केझायानं पानं मांडली ती बरोब्बर त्याला धरून. इनॉस शेकोटीजवळ बसला आणि त्याच्या कपाळावर घाम आला. आर्ची हसला. मग आर्ची उठला आणि त्यानं वादी आत ओढून घेतली.

जेनेट गायीचं दूध घेऊन अंगणात उभी होती. तिनं बंद दाराकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन बसली, दुधाची चरवी मांडीवर घेऊन.

"झालं बघ काम," ती मला म्हणाली. ती खूष होती. मला हे कसं सांगावं कळत नाही. ती खरोखर खूष होती.

थोड्या वेळानं दार उघडलं. इनॉस बाहेर आला. त्यानं भोकातून वादी बाहेर काढली, आईला हात धरून उठवलं आणि आत नेलं. इतर सगळे तिला विसरले, तिचा नवरा, तिची लेक. पोरगा मात्र विसरला नाही, कारण ते कसं असतं ते त्याला ठाऊक होतं. थंडी पडेपर्यंत तो रोज संध्याकाळी वादी बाहेर काढायचा आणि वाट बघायचा.

पहिल्या मोठ्या गारठ्यात ती गेली. आर्चीला तेव्हा सगळं एकदम आठवलं, आणि त्याचा आक्रोश माझ्या फळीपर्यंत ऐकू आला. तो किल्ली घेऊन सांगायला आला, ठोकलं, आणि कपाळ फळीला टेकवून उभा राहिला. सांगायची गरजही नव्हती. जमीन दगडासारखी गोठली होती, नवा खड्डा खणता येईना. म्हणून टेकडीवरचा टोपीचा खड्डा उकरला आणि जेनेटला त्यात ठेवलं. दगड तोच राहिला. आर्ची म्हणाला, वसंतात बदलू. ते राहूनच गेलं.

इनॉसनं लग्न केलं, त्याला मुलं झाली, आणि एके दिवशी गाडी भरून तो मिसुरीकडे गेला. जाताना त्यानं माझ्या फळीवर हात ठेवला. त्याचा हात गरम होता. केझाया इथंच राहिली. ती गेली तेव्हा तिच्या मुलानं मला सांगितलं, आर्चीचं केझायानं सांगितलं होतं. मग माशांना रोग आला, मी रिकामा झालो, आणि पुढच्यांचे जन्मच कुणी मला सांगितले नाहीत. त्यांचं माझ्याकडे काही नाही.

आता या घरात ओपल राहते, केझायाच्या वंशातली. परवा तिच्याकडे मिसुरीहून लोरेना आलीय, इनॉसच्या वंशातली. पूर्वज शोधत फिरते बिचारी. काल दोघी टेकडीवर जाऊन आल्या आणि ओसरीवर चहा पीत बसल्या.

"मावशी, मला हे कोडंच सुटत नाही," लोरेना म्हणाली. "इनॉसचा दगड इथं. पण आमच्या मिसुरीतही त्याची कबर आहे, म्हातारा होऊन मेला. आणि जेनेटची कुठंच नाही."

"दोन इनॉस असतील गं. त्या काळात एकच नाव दहा जणांना द्यायचे."

"आणि मिसुरीत त्याच्याबद्दल एक विचित्र गोष्ट सांगतात. म्हणे शेवटचं दुखणं वर्षानुवर्षं चाललं. पुरला तरी बायको संध्याकाळी दार बंद करू देत नसे. म्हणायची, तो अजून बाहेर आहे."

ओपल हसली. "आमच्याकडेही आहे एक तसलाच प्रकार. संध्याकाळी लाकडं टाकल्याचा आवाज येतो अंगणात. कुत्रा भुंकतो आणि शेपूट हलवतो. बघायला गेलं तर कुणी नाही. चल, पाय गार होतोय."

पाय म्हणजे खायचा, सफरचंद भरून भाजलेला. त्या आत गेल्या आणि ओपलनं जाळीचं दार लावून घेतलं, वर कडी घातली.

तो तेव्हा पायरीवर उभा होता. रोज असतो. लंगडत येतो, लाकडं खाली ठेवतो, दारावर हात फिरवून वादीचं भोक शोधतो. या दाराला भोक नाही. मग माझ्याजवळ येऊन बसतो, जिथं त्याची आई बसायची तिथं.

मिसुरीत त्याला पुरलं, पण मला कुणी सांगितलं नाही. एकदा सांगितलं होतं खरं, पण ते त्याच्या आईनं आपल्या नावावर करून घेतलं. माझ्याकडे त्याचा जन्म आहे आणि मरण नाही. जिवंत होता तेव्हा याच दारात मेलेला ठरला, आणि आता मेलाय तर कुणी त्याला मरू देत नाही.

लोरेना, तू उद्या निघणार आहेस. किल्ली ओसरीवर तुझ्या खुर्चीच्या वर खिळ्याला टांगलीय, ओपल तिला शोभेची समजते. ती काढ. छत्र्या बाजूला कर. तीनदा ठोक, जोरात नको, आणि सांग की इनॉस गेला. माशा नाहीत, पण ऐकायला मी आहे.

ऊन उतरलंय. लाकडं टाकल्याचा आवाज आला बघ.